सावली आधी मोजा, मग रंगवा: डिजिटल मॉडेलमधलं ऊन

एलेव्हेशनमध्ये (इमारतीच्या समोरून काढलेल्या सरळ चित्रात) छज्जा ४५० मिमी पुढे आलाय की ९०० मिमी, हे कागदावर फक्त एकाच गोष्टीवरून कळतं: त्याच्याखाली पडलेल्या सावलीवरून. रेषा दोन्ही वेळा सारख्याच असतात. खिडकी भिंतीच्या तोंडाशी बसवली आहे की २०० मिमी आत, खांब सुटा आहे की भिंतीत अर्धा गेलेला, यातलं काहीच रेषा सांगत नाही. म्हणून सावलीला मी सजावट समजत नाही. ती तिसऱ्या मितीचं माप आहे. माप चुकलं तर चित्र कितीही देखणं असो, त्यावरून इमारत चुकीची वाचली जाते.

रेंडर (मॉडेलवरून संगणकाने काढलेलं चित्र) फसला की बहुतेक जण रेंडरच्या सेटिंगमध्ये शिरतात. सॅम्पल (प्रत्येक पिक्सेलसाठी सोडलेले किरण) वाढवतात, दुसरी एचडीआरआय (उजेड देणारी आकाशाची प्रतिमा) लावून बघतात. दोष मात्र त्याच्या बराच आधी घडलेला असतो: मॉडेलचं एकक, उत्तर दिशा, भिंतीची जाडी, नाहीतर पांढऱ्या रंगाचा आकडा. त्यामुळे इथे सगळं त्याच क्रमाने घेतो.

ही सावली कशासाठी?

सूर्य लावण्याआधी ठरवायची पहिली गोष्ट ही. सावली तीन कामं करते. ड्रॉइंगमधली खोली (काय पुढे, काय मागे) दाखवते, खरं ऊन कुठे पडेल याचा पुरावा देते, किंवा चित्राला वातावरण देते. तिन्हींचे नियम वेगळे आहेत आणि गोंधळ होतो तो ते एकत्र केल्यामुळे.

खोली दाखवणारी सावली म्हणजे कॉलेजात शिकवलेली सायोग्राफी. उजेड वरून, डावीकडून आणि समोरून येतो. प्लॅनमध्येही ४५ अंश, एलेव्हेशनमध्येही ४५ अंश. घनाचा कर्ण डोळ्यांसमोर आणा, तीच किरणाची दिशा. याचा मोठा फायदा असा की ६०० मिमीच्या छज्जाची सावली भिंतीवर बरोबर ६०० मिमी खाली उतरते, म्हणजे सावलीवर स्केल ठेवून पुढावा मोजता येतो. या किरणाचा जमिनीशी खरा कोन मात्र ४५ नसून ३५.२६ अंश असतो. त्यामुळे साइट प्लॅनमध्ये इमारतीची सावली उंचीच्या १.४१ पट लांब पडते. सॉफ्टवेअरमध्ये उन्नतांश (सूर्याची क्षितिजापासूनची उंची, अंशांत) ४५ टाकून पारंपरिक सावली मिळवायला गेलं तर छज्जाखालची सावली जास्त उतरते आणि मापं जुळत नाहीत. ३५.२६ टाका. प्लॅनवर उत्तर वर असेल तर दिगंश (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन) ३१५.

उजेड वरून-डावीकडूनच का? डोळा उजेड वरून येतो असं गृहीत धरतो. उजेड कागदाच्या खालच्या बाजूने आला की उंच गोष्टी खड्ड्यासारख्या दिसायला लागतात. उत्तर गोलार्धात, कर्कवृत्ताच्या पलीकडे, दुपारचा सूर्य नेहमी दक्षिणेला असतो. म्हणजे खरं ऊन लावलेल्या साइट प्लॅनमध्ये सावल्या कागदावर वरच्या दिशेने जातात आणि अंगण उंच, इमारत खोल दिसण्याचा धोका असतो. म्हणून मांडणीच्या प्लॅनला संकेताची, म्हणजे वरची ठरलेल्या ४५ अंशांची, सावली द्यायची. पण शेजारच्या प्लॉटवर किती वेळ सावली राहील हे दाखवायचं असेल, तर तिथे संकेत चालत नाही. तिथे खरं स्थान, खरी तारीख, खरी वेळ हवी आणि ती चित्राखाली लिहिलेली हवी. दोन्ही प्रकार एकाच शीटवर शेजारी-शेजारी ठेवू नका; पाहणारा संकेतालाच पुरावा समजून बसतो.

रेव्हिट या इमारतींच्या मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये सन सेटिंगच्या लायटिंग पर्यायात दिगंश आणि उन्नतांश थेट टाइप करता येतात आणि उजेड व्ह्यूच्या सापेक्ष ठेवता येतो, त्यामुळे चारही एलेव्हेशनवर सावली सारखी पडते. व्ह्यूच्या सापेक्षची ही खूण पुराव्याच्या ड्रॉइंगमध्ये चुकून राहिली, तर उत्तरेच्या भिंतीवर भर दुपारी ऊन दिसतं. प्रिंट काढण्यापूर्वी हे एकदा बघाच. स्केचअप या दुसऱ्या मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये कोन टाइप करता येत नाही. तारीख आणि वेळ सरकवत जवळचा कोन शोधावा लागतो.

मॉडेलमध्ये शंकू रोवा

खऱ्या उन्हाची खात्री करायची जुनी रीत डिजिटल मॉडेलमध्येही तशीच चालते. सपाट जमिनीवर एक मीटरची उभी काठी, म्हणजेच शंकू, ठेवा. तारीख विषुवदिनाची घ्या, २१ मार्चच्या आसपासची, आणि वेळ सरकवत सगळ्यात आखूड सावली शोधा. त्या क्षणी सूर्याचा उन्नतांश ९० वजा अक्षांश इतका असतो, म्हणून काठीच्या सावलीची लांबी अक्षांशाच्या टॅनइतकी यायला हवी. अक्षांश २० असेल तर ३६४ मिमी, ३५ असेल तर ७०० मिमी, ४५ असेल तर बरोबर एक मीटर. उत्तर गोलार्धात ती उत्तरेकडे पडायला हवी. लांबी चुकली तर स्थान चुकलंय. दिशा चुकली तर उत्तर चुकलीय.

आखूड सावली घड्याळात बाराला पडेलच असं नाही. प्रमाण रेखावृत्तापासून दर अंशाला चार मिनिटांचा फरक पडतो आणि वर्षभरात सूर्यघड्याळ स्वतःच साधारण १६ मिनिटांपर्यंत मागे-पुढे होतं. त्यामुळे बाराची सावली थोडी तिरकी दिसली म्हणून घाबरू नका. फरक पूर्ण एका तासाचा असेल तर मात्र टाइम झोन किंवा उन्हाळी वेळेची सेटिंग तपासा.

पुराव्याच्या शीटसाठी विषुवदिन आणि दोन्ही अयनदिन, २१ जून व २१ डिसेंबरच्या आसपासचे, एवढ्या तारखा बहुतेकदा पुरतात. अयनदिनी दुपारचा उन्नतांश विषुवदिनापेक्षा २३.४४ अंशांनी वर किंवा खाली जातो. दोन टोकं दाखवली की मधलं वर्ष वाचणाऱ्याला कळतं.

उत्तर बिघडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कॅडमधून आलेला साइट प्लॅन. ड्रॉइंग कागदावर नीट बसावं म्हणून कोणीतरी तो फिरवलेला असतो. स्केचअप हिरव्या अक्षाला उत्तर समजतं, रेव्हिटचा सूर्य ट्रू नॉर्थ (खरी उत्तर) बघतो, प्रोजेक्ट नॉर्थ (ड्रॉइंगपुरती मानलेली उत्तर) नाही. प्लॅन १८ अंश फिरवलेला असेल, तर सूर्यही १८ अंश चुकतो, आणि हा फरक तासाभराचा किंवा त्याहून अधिक असू शकतो.

याच टप्प्यावर एकक बघा. मिलिमीटरमधलं मॉडेल मीटर समजून उघडलं गेलं, तर सगळं हजारपट मोठं होतं. सूर्याचे किरण समांतर, त्यामुळे उन्हात काहीच वेगळं जाणवत नाही आणि चूक लपून राहते. आत दिवा लावला की ती उघडी पडते: अंतर हजारपट, म्हणजे उजेड दहा लाखपट कमी. मग लोक दिव्याचा आकडा वाढवत बसतात. तसं करू नका. स्केल दुरुस्त करा.

मॉडेल मूळ बिंदूपासून फार लांब असणं हा तिसरा रोग. सर्व्हेचे आकडे तसेच आले की इमारत पाच लाख मीटरवर जाऊन बसते. ग्राफिक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या ३२ बिटांच्या आकड्याची तिथली सगळ्यात बारीक पायरी सुमारे ३१ मिमीची असते. सावलीची कड दातेरी होणं, कॅमेरा हलला की सावली थरथरणं, पृष्ठभागावर पट्टे उमटणं हे सगळं त्यातून येतं. मॉडेल मूळ बिंदूजवळ आणलं की बरं होतं, दुसरा इलाज नाही.

स्केचअपच्या आणखी दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो. जमिनीवरची सावली शून्य पातळीवर पडते. उताराची जमीन मॉडेल केली असेल तर जमिनीवरच्या सावलीचा पर्याय बंद करा, नाहीतर सावली हवेत तरंगते. आणि मटेरियलची अपारदर्शकता ७० टक्क्यांखाली गेली की तो पृष्ठभाग सावली टाकणंच थांबवतो. अर्धपारदर्शक जाळीची किंवा पॉलिकार्बोनेटची सावली अचानक गायब झाली, तर कारण हे.

सावलीची कड

खऱ्या सावलीला एक गुण असतो जो संगणकात सहज हरवतो: ती वस्तूजवळ धारदार आणि लांब गेली की मऊ असते. कारण सूर्य बिंदू नाही, आपल्याला तो सुमारे ०.५३ अंशाची थाळी दिसतो. त्यावरून हिशेब सोपा आहे. सावली पाडणारी कड पृष्ठभागापासून (किरणाच्या दिशेने मोजून) एक मीटर दूर असेल तर अंधूक पट्टा सुमारे ९ मिमीचा. तीन मीटरवर २८ मिमी, दहा मीटरवर ९३ मिमी. तिरक्या पृष्ठभागावर तो आणखी ताणला जातो. म्हणजे खिडकीच्या चौकटीची सावली फरशीवर जवळपास रेखीव दिसायला हवी आणि दहाव्या मजल्यावरच्या पॅरापेटची (गच्चीच्या कठड्याची) रस्त्यावर चांगलीच पसरट.

बऱ्याच रेंडरमध्ये सूर्याचा आकार वाढवून सावली मऊ करायची सवय असते. व्ही-रे या रेंडर सॉफ्टवेअरमध्ये साइझ मल्टिप्लायर १ म्हणजे खरा सूर्य. तो १० केला तर ५ अंशांची थाळी झाली. तिने छज्जाची सावली छान मऊ दिसते, पण लूव्हर (तिरक्या पट्ट्या), जाळी, रेलिंग यांच्या बारीक सावल्या विरघळून जातात. ५० मिमी अंतराच्या लूव्हरची सावली तीन मीटर खाली पडत असेल, तर खऱ्या सूर्याचा अंधूक पट्टा २८ मिमीचा, रेघा अजून ओळखू येतात. दहापट सूर्याचा पट्टा २८० मिमीचा, मग उरतो एक राखाडी डाग. इमारतीत जाळी असेल तर १ वरच राहा. साधे मोठे घनाकार असतील तर २ ते ३ पर्यंत जायला हरकत नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सन दिव्यात हेच मूल्य कोनात दिलेलं असतं, तिथे ०.५३ च्या आसपास ठेवा.

झाडाखालचे कवडसे हे याच गोष्टीचं सगळ्यात सुंदर रूप. पानांमधली फट कशीही वेडीवाकडी असो, जमिनीवर पडतो तो गोल, कारण तो सूर्याचाच आकार असतो. पाच मीटर वरच्या बारीक फटीतून आलेला कवडसा साधारण ४६ मिमीचा, आणि ऊन कलतं असेल तर लंबगोल. सूर्याला आकार दिला नाही, तर कवडसे पडतच नाहीत; पानांची कातरलेली नक्षी पडते आणि तिथेच चित्र खोटं वाटायला लागतं.

झाडांचा तांत्रिक त्रास वेगळा. पानं बहुधा चौकोनी पत्र्यावर अल्फा (कुठला भाग पारदर्शक ते सांगणारी प्रतिमा) लावून केलेली असतात. अल्फा जोडला गेला नाही तर सावली चौकोनांची पडते. जोडला गेला, पण झाड दाट असेल, तर किरण एकामागोमाग किती पारदर्शक थर ओलांडू शकतो याची मर्यादा आड येते. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनात ती मुळात ८ असते. नवव्या थराला किरण संपतो आणि झाडाच्या पोटात काळे ठिपके येतात. १६ ते ३२ करून बघा.

ऊन कुठून घ्यायचं

वातावरणाच्या चित्रात स्वातंत्र्य असतं, पण ते कोनांचं आहे, मनमानीचं नाही. कॅमेऱ्याच्या मागून येणारं ऊन सगळ्यात वाईट: प्रत्येक सावली वस्तूच्या मागे लपते आणि इमारत पुठ्ठ्यासारखी दिसते. दृष्टीच्या रेषेपासून ३० ते ६० अंश बाजूने, उन्नतांश ३० ते ४५, हे सुरुवातीला घ्यायचे आकडे. दिसणाऱ्या दोन भिंतींपैकी एक उन्हात, एक छायेत असली पाहिजे. दोन्ही उन्हात असतील तर कोपरा नाहीसा होतो. कोपरा स्वच्छ कापलेला दिसला की घनाकार आपोआप उभा राहतो.

छज्जाची सावली किती उतरेल, हे काढायचं सूत्र लक्षात ठेवण्यासारखं आहे: पुढावा गुणिले उन्नतांशाचा टॅन, भागिले सूर्य आणि भिंतीचा लंब यांच्यातल्या आडव्या कोनाचा कोसाइन. सूर्य भिंतीच्या अगदी समोर, ५० अंशांवर असेल तर ६०० मिमीचा छज्जा ७१५ मिमी सावली देतो. तोच सूर्य तितक्याच उंचीवर पण ६० अंश बाजूला गेला की सावली १४३० मिमी उतरते आणि खिडकीचा मोठा भाग झाकते. एलेव्हेशन ‘जड’ वाटत असेल, तर अनेकदा दोष डिझाइनचा नसून या कोसाइनचा असतो. सूर्य थोडा समोर आणा.

पोतासाठी उलट करायचं: ऊन भिंतीला घासून जाऊ द्यायचं. विटांचा सांधा १० मिमी रुंद, ५ मिमी खोल धरा. ऊन भिंतीशी ४५ अंशांत आलं तर सांध्याचा अर्धा भाग छायेत जातो. १५ अंशांत आलं तर ५ मिमीच्या खाचेची सावली जवळपास १९ मिमी, म्हणजे पूर्ण सांधा अंधारात, आणि विटेची ओळ न ओळ उठून दिसते. पण बंप किंवा नॉर्मल मॅप खरी सावली टाकत नाही, तो पृष्ठभाग वळल्याचा फक्त भास करतो. घासणाऱ्या उन्हात ही लबाडी उघडी पडते. कॅमेऱ्याजवळच्या भिंतीला डिस्प्लेसमेंट (पृष्ठभाग खरोखर उंचसखल करणारी सेटिंग) द्या, दूरच्यांना बंप पुरतो. कडांना २ ते ५ मिमीची गोलाई दिली तर प्रत्येक कोपऱ्यावर उजेडाची बारीक रेघ येते. धारदार शून्य गोलाईची कड खऱ्या बांधकामात नसतेच.

कर्क आणि मकर वृत्तांच्या मधल्या प्रदेशात सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीच्या आसपासची दुपार चित्रासाठी निवडू नका. उभ्या भिंतींवर ऊन घासतं, जमीन पेटते आणि घनाकार हरवतो.

आधी राखाडी मॉडेल

मटेरियल लावण्यापूर्वी सगळ्या मॉडेलला एकच राखाडी रंग द्या. ५० टक्के परावर्तनासाठी एसआरजीबी (स्क्रीनवरच्या रंगाचा ० ते २५५ मधला आकडा) १८८. काचा लपवा. सूर्य, आकाश, कॅमेरा एवढंच ठेवून छोटा रेंडर काढा आणि तो स्क्रीनवर २०० पिक्सेल रुंदीला बघा. इतक्या लहान आकारात प्रवेशद्वार कुठे आहे, पुढे काय, मागे काय, हे कळलं पाहिजे. नाही कळलं तर पुढचे आठ तास मटेरियलवर घालवून कळणार नाही. उजेड आणि छाया निम्मं-निम्मं वाटलेलं चित्र नेहमी अस्वस्थ दिसतं; दोनांपैकी एकाला दोन तृतीयांश जागा द्या.

इथेच दोन छायांमधला फरकही तपासून घ्या. वस्तूच्या स्वतःच्या अंगावरची छाया जमिनीवरून उसळलेल्या उजेडामुळे जरा उजळ असते, तिने दुसऱ्यावर टाकलेली सावली तिच्याहून गडद. दोन्ही एकाच गडदपणाच्या दिसत असतील, तर उसळणारा उजेड मोजलाच जात नाहीये.

मग मटेरियल, आणि त्यातला सगळ्यात महागडा आकडा: पांढरा. एसआरजीबी २५५ म्हणजे आलेला सगळा उजेड परत फेकणारी भिंत. तशी भिंत जगात नाही. चांगला पांढरा रंग ८० टक्क्यांच्या आसपास परत देतो, म्हणजे २३१. काँक्रीट ३० टक्के धरलं तर १४९. अगदी काळ्यालाही ५० च्या खाली नेऊ नका. हे इतकं महत्त्वाचं का, ते बंद खोलीच्या हिशेबाने कळतं. भिंतींचं सरासरी परावर्तन ०.५ असेल तर उसळ्या धरून एकूण उजेड दुप्पट होतो, ०.८ असेल तर पाचपट, ०.९५ असेल तर वीसपट. ०.९५ च्या खोलीत उजेड इतक्या वेळा फिरतो की कोपरे, खाचा, छताखालची छाया सगळं धुऊन निघतं. रेंडरला वेळही जास्त लागतो आणि दाणेही जास्त येतात. खोली ‘दुधाळ’ दिसतेय अशी तक्रार असेल, तर उजेड कमी करण्याआधी पांढरा खाली आणा.

खोलीच्या आत

बाहेर भर उन्हात एक्स्पोजर व्हॅल्यू (कॅमेऱ्याचं उजेडाचं माप) १५, म्हणजे साधारण ८० हजार लक्स. आत ३०० लक्सची खोली एक्स्पोजर व्हॅल्यू ७. आठ स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट), २५६ पट फरक. एकाच एक्स्पोजरमध्ये दोन्ही नीट दिसणार नाहीत, आणि दिसलेच तर खोली निर्जीव वाटते. आतल्यासाठी एक्स्पोजर लावा, बाहेरचं दृश्य फक्त कॅमेऱ्याच्या किरणांपुरतं दोन-तीन स्टॉप खाली आणा, खिडकीच्या कडेला थोडं जळू द्या. डोळ्याला ते खरं वाटतं.

खोली अंधारी आली की न दिसणारे भरावाचे दिवे टाकायचा मोह होतो. शक्यतो टाकू नका. प्रत्येक असा दिवा स्वतःची दिशा घेऊन येतो आणि खिडकीने दिलेली दिशा पुसतो. तादाओ आंदोंच्या १९८९ सालच्या चर्च ऑफ द लाइटमध्ये भिंतीतल्या क्रुसाच्या फटीचा परिणाम होतो तो बाकी खोली अंधारात ठेवल्यामुळेच. सरावासाठी ती खोली मॉडेल करून बघा आणि एक भरावाचा दिवा लावा. सगळं जागीच विझतं. लुई कान यांचं किम्बेल म्युझियम (१९७२) दुसऱ्या गोष्टीसाठी उत्तम चाचणी आहे: कमानीच्या माथ्यावरच्या फटीतून उजेड येतो, खालच्या वक्र ॲल्युमिनियम पत्र्यावर आपटतो आणि काँक्रीटच्या कमानीवर पसरतो. उसळ्यांची मर्यादा १-२ ठेवली तर कमान काळी पडते. सायकल्समध्ये डिफ्यूजच्या उसळ्या मुळात ४ असतात. बाह्य दृश्याला त्या पुरतात, खोलीसाठी ८ ते १२ करा.

खिडकीची काच हे आतल्या अंधाराचं आणखी एक मोठं कारण. खऱ्या जाडीची, अपवर्तन करणारी काच लावली की पाथ ट्रेसरला (किरणांचा माग काढणाऱ्या रेंडर इंजिनाला) तिच्यातून सूर्याकडे सरळ किरण सोडता येत नाही. उन्हाची तिरीप फरशीवर येतच नाही, किंवा पांढरे ठिपके होऊन येते. उपाय: पातळ काचेचा पर्याय वापरा, व्ही-रेमध्ये अफेक्ट शॅडोज चालू करा, ब्लेंडरमध्ये सावलीच्या किरणांसाठी काचेऐवजी पारदर्शक शेडर जोडा. दाणे निम्मे करायला चौपट सॅम्पल लागतात हे लक्षात ठेवा. म्हणून आधी काच, मग पोर्टल दिवे (खिडकीत ठेवायचे, आकाशाचा उजेड आत आणायला मदत करणारे), मग सॅम्पल. डीनॉइझरला (दाणे पुसणाऱ्या साधनाला) अल्बीडो आणि नॉर्मल पास (मूळ रंगाचं आणि पृष्ठभागाच्या दिशेचं वेगळं चित्र) दिले नाहीत, तर तो जाळीची बारीक सावली डाग समजून पुसतो.

रिअल-टाइम इंजिनात, म्हणजे कॅमेरा हलवताच चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, वेगळी दुखणी असतात. भिंतीला जाडी नसेल, नुसती एक पृष्ठभागाची असेल, तर कोपऱ्यातून उजेड गळतो. अनरियल इंजिनाच्या लुमेन या उजेडाच्या पद्धतीसाठी भिंत १०० मिमीपेक्षा पातळ ठेवू नका. वस्तू सावलीपासून सुटून तरंगताना दिसली तर शॅडो बायस (सावली पृष्ठभागापासून सरकवणारा आकडा) जास्त झालाय. पृष्ठभागावर पट्टे आले तर कमी. ॲम्बियंट ऑक्लूजन (कोपऱ्यांत आणि खाचांत भरली जाणारी गडद छटा) ०.३ ते १ मीटरपर्यंतच ठेवा आणि उन्हाच्या भागावर त्याचा गुणाकार करू नका; भर उन्हातल्या कोपऱ्यात काजळी धरल्यासारखी दिसते.

आकाशाची प्रतिमा आणि दोन सूर्य

चित्रात प्रत्येक वस्तूला दोन सावल्या दिसल्या तर कारण ठरलेलं: एचडीआरआयमध्ये सूर्य आहे आणि वर वेगळा सन दिवाही आहे. एक काढा. दोन्ही हवेच असतील तर ढगाळ आकाशाची एचडीआरआय घ्या. उलट, एचडीआरआयमध्ये लख्ख ऊन दिसतंय पण सावली फिकट पडतेय, तर फोटो काढताना सूर्य कापला गेलाय. सूर्याची थाळी निळ्या आकाशापेक्षा लाखो पट तेजस्वी असते. तो आकडा फाइलमध्ये नसेल तर सावली येणार कुठून? साध्या जेपीजी पॅनोरामातून ऊन कधीच येत नाही. रिझोल्यूशनचाही संबंध आहे: ४०९६ पिक्सेलच्या पॅनोरामात सूर्य जेमतेम सहा पिक्सेलचा, १०२४ मध्ये दीड. आकाश एचडीआरआयचं आणि ऊन सन दिव्याचं, ही जोडी बाह्य दृश्यासाठी मला सर्वांत भरवशाची वाटते. दोन्हींची दिशा तेवढी जुळवा, नाहीतर ढग एकीकडून उजळतात, इमारत दुसरीकडून.

फोटोत मॉडेल बसवायचं असेल तर फोटोतल्या एखाद्या खांबाच्या सावलीवरून दिशा आणि उन्नतांश काढा, आणि जमिनीवर उन्हातल्या व सावलीतल्या भागांचं गुणोत्तर मोजून तेच आपल्या सावलीला द्या. सावली जास्त गडद झाली की इमारत चिकटवलेली दिसते.

तिन्हीसांजेच्या दृश्यात सूर्य क्षितिजाखाली ४ ते ६ अंश असतो आणि दिवे व आकाश यांची पातळी जवळ येते. बरीच गणिती आकाशं सूर्य क्षितिजाखाली गेला की विश्वासार्ह राहत नाहीत, तिथे सांजेची एचडीआरआयच घ्या. दिव्यांना आयईएस फाइल (दिव्याचा उजेड कुठल्या दिशेला किती पडतो याची) आणि ल्युमेनमधला खरा आकडा द्या. घरगुती बल्ब साधारण ८०० ल्युमेनचा, २७०० केल्विनचा.

रेंडरनंतर, शीटवर

फाइल ३२ बिटांच्या ईएक्सआरमध्ये साठवा. आठ बिटांच्या पीएनजीत सावली उजळायला गेलात की पायऱ्या दिसतात. सूर्य, आकाश, दिवे यांचे वेगळे पास काढले तर पुन्हा रेंडर न करता प्रमाण बदलता येतं. वरून सावलीचा पास गुणाकार पद्धतीने चढवताना ४० ते ६० टक्के पुरे, आणि रंग निव्वळ काळा नको: सावलीत पोहोचणारा उजेड आकाशाचा असतो, म्हणून ती किंचित निळी. एकूण चित्रात सगळ्यात गडद सावलीही २५ ते ४० च्या खाली नेऊ नका. तिच्यातलं दार, पायरी, माणूस दिसला पाहिजे.

हा आकडा स्क्रीनपुरता. छपाईत शाई पसरते आणि सावल्या बुडतात, म्हणून प्रिंटसाठी त्या आणखी थोड्या वर उचला आणि सगळ्यात गडद भागाची एक पट्टी त्याच कागदावर आधी छापून बघा. प्रोजेक्टरवर उलट होतं: उजेडाच्या खोलीत पडद्यावरचा काळाच राखाडी होतो आणि नाजूक सावल्या नाहीशा होतात, तिथे विरोध वाढवावा लागतो. एकाच फाइलवर दोन्ही कामं भागत नाहीत. स्केचअपसोबतच्या लेआउट या शीट मांडायच्या प्रोग्राममध्ये व्ह्यूपोर्ट (शीटवरची मॉडेलची चौकट) व्हेक्टरवर ठेवला तर स्केचअपच्या सावल्या छापल्याच जात नाहीत. रास्टर किंवा हायब्रिड करा.

दिवसभराच्या उन्हाचा व्हिडिओ करायचा असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ म्हणजे ४८० मिनिटं. दर फ्रेमला २ मिनिटं धरली तर २४० फ्रेम, २४ च्या वेगाने दहा सेकंद. पाच मिनिटांची उडी घेतली तर सकाळ-संध्याकाळच्या लांब सावल्यांची टोकं उड्या मारताना दिसतात. प्रत्येक फ्रेम वेगळी डीनॉइझ झाल्याने भिंती लुकलुकत असतील, तर फ्रेममागे सॅम्पल वाढवा, आणि एक्स्पोजर सगळ्या फ्रेमना एकच ठेवा. आपोआप एक्स्पोजर चालू राहिलं तर कलत्या उन्हाचा उजेड आणि दुपारचा उजेड सारखाच दिसतो, आणि ज्यासाठी व्हिडिओ केला तेच त्यातून निघून जातं.